मांजरेचा पूर आणि मांजराची पिशवी

आर्केडिया, कॅलिफोर्निया
गुरुवार, 16 ऑक्टोबर 2025

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,
धाकटीचा शि. सा. नमस्कार.

इकडं सगळे खुशाल. पत्र लिहिण्यास कारण की, परवा फोनवर मी ‘मांजराची बॅग भरून दाराशी ठेवलीय’ एवढंच म्हणाले आणि अण्णा असे हसले की त्यांना ठसकाच लागला. आईनं फोन हातात घेतला, ‘थांब गं, ह्यांना पानी देते’ म्हणाली आणि ठेवूनच दिला. माझं म्हणणं अर्ध्यावर राहिलं. ते पुरं करायला हे पत्र. पत्राचा एक फायदा असा, की मधेच कुणाला ‘खुळी का काय’ म्हणता येत नाही. म्हटलं तरी मला ऐकू येत नाही. भाच्याला सांगा, फोनवर आलेली पानं मोठी करून ठणठणीत आवाजात वाच, आणि अवघड जागी गाळू नको.

आजचंच आधी सांगते. आज सकाळी दहा वाजून सोळा मिनिटांनी आमचं सगळं ऑफिस टेबलाखाली होतं. साहेबसुद्धा. भूकंप झाला नव्हता. भूकंपाची रंगीत तालीम होती. ऑक्टोबरातल्या तिसऱ्या गुरुवारी इथं शाळा, दवाखाने, कचेऱ्या सगळीकडं ही तालीम होते. खाली वाका, डोकं झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. किल्लारीच्या भूकंपाच्या मुलखातून आलेल्या बाईला हे शिकवायला एक पंचविशीचा पोरगा आला होता. मी मुकाट्यानं टेबलाखाली गेले.

तुमचे जावई आज घरून काम करत होते. नांदेडचा माणूस नियमाला पक्का, तेही जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसले. टेबलावर सरपंच बसले होते. वरून मान खाली लोंबती सोडून ते जावयांकडं टकामका बघत होते, तो फोटो जावयांनी टेबलाखालूनच काढला आणि मला पाठवला. आमच्या बोक्याचं नाव सरपंच आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दिवसभर उंचावर बसून सगळ्यांवर नजर ठेवतात, कुठल्याही कामाला हात लावत नाहीत आणि जेवणाच्या वेळेला बरोब्बर हजर होतात, म्हणून लेकीनं ते नाव ठेवलं. अण्णा, तुम्हीही एक टर्म सरपंच होतात. पण लेकरानं ठेवलेलं नाव, मनावर घेऊ नका.

आता बॅग कुठून आली ते ऐका.

ह्या जानेवारीत इकडं आग लागली ती तुम्ही टीव्हीवर पाहिलीत. 7 जानेवारीला सकाळी समुद्राकडच्या पॅलिसेड्सला पेटली आणि संध्याकाळी आमच्या बाजूच्या डोंगरात, इटन कॅन्यनला. वाळवंटाकडून येणारा कोरडा वारा, त्याला इथं सांता आना म्हणतात, त्या रात्री असा सुटला होता की निखारे घरांवरून उडत पुढच्या गल्लीत पडत होते. आल्टाडेना नावाच्या गावाचा मोठा भाग, आमच्यापासून गाडीनं जवळच, बघता बघता गेला. नऊ हजारांवर इमारती जळाल्या, 19 माणसं दगावली. आमच्या गावाच्या डोंगराकडच्या भागाला घरं सोडायला सांगितलं. आम्ही खालच्या अंगाला, त्यामुळं आम्हाला नुसतं ‘तयारीत राहा’.

तयारीत राहा म्हणजे काय, ते 9 तारखेला दुपारी कळलं. चारच्या सुमाराला घरातले सगळे फोन एकदम कोकलले: ताबडतोब निघायची तयारी करा. आमच्याच नव्हे, लॉस एंजेलिस परगण्यातल्या जवळजवळ एक कोटी लोकांचे फोन त्याच वेळी कोकलले. तो संदेश खरा पश्चिमेकडच्या एका छोट्या भागापुरता होता. पण कुठंतरी काहीतरी गडबडलं आणि गेला सगळ्यांनाच. थोड्या वेळानं ‘आधीचा संदेश सोडून द्या’ असा दुसरा आला. तेवढ्या थोड्या वेळात आमच्या घरात जे झालं, ते सांगायलाच पाहिजे.

तुमच्या जावयांनी प्रेशर कुकर आणि स्वतःची दहावीची सनद गाडीत ठेवली. कुकर का, असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘नवा आहे.’ मी पासपोर्ट घेतले, मंगळसूत्र घेतलं आणि आईनं दिलेला आमटीच्या येसराचा डबा घेतला. लेक म्हणाली, ‘सरपंच कुठं आहेत?’ सरपंच पलंगाखाली, पार भिंतीला चिकटून. फोन कोकलल्याबरोबर ते तिथं गेले होते. बोलावलं, येईनात. टूनाचा डबा उघडून दाखवला, एरवी त्या आवाजावर ते झोपेतून उठून येतात, त्या दिवशी ढिम्म. जावई पलंगाखाली सरपटले, ते हाताला पाच ओरखडे घेऊन बाहेर आले. पिंजरा माळ्यावर होता. माळ्यावरून काढला तर त्याचं दार गायब. शेवटी लेकीनं पलंगच उचलायला लावला, मी अंगावर टॉवेल टाकला आणि आम्ही सरपंचांना उशीच्या अभ्र्यात घातलं. हसू नका, अण्णा. मांजर पिंजऱ्यात जात नसेल तर अभ्रा वापरा, असं इथले प्राण्यांचे डॉक्टरच सांगतात. हवा लागते, अंधारात मांजर शांत होतं आणि गाठ मारता येते. सरपंच शांत झाले नाहीत, हा भाग निराळा. अभ्र्यातून असा आवाज येत होता की शेजारची म्हातारी चिनी आजी खिडकीतून हात जोडून बघत उभी राहिली.

आणि मग दुसरा संदेश आला: काही नाही, घरातच राहा.

त्या दिवसापासून सरपंचांनी अभ्रे, टॉवेल आणि पिंजरा ह्या तिन्ही गोष्टींशी वैर धरलं. नवा पिंजरा आणला तर दुरूनच बघून पळायचे. मग मी लातूर पॅटर्न लावला. सगळ्या महाराष्ट्राची पोरं ज्या पद्धतीनं डॉक्टर-इंजिनीअर झाली, ती एका बोक्याला लागू पडणार नाही असं कसं होईल? पहिल्या पायरीला पिंजरा दिवाणखान्यात नुसता उघडा ठेवला, आत लेकीची जुनी चादर. दुसऱ्या पायरीला जेवणाची वाटी पिंजऱ्याच्या दाराशी, मग आत, मग पार कोपऱ्यात. सरपंच आत बसून जेवायला लागले तेव्हा घटक चाचणी: दार लावायचं, लगेच उघडायचं, वर टूना. सहामाहीला पिंजरा उचलून घरात एक फेरी. वार्षिकला गाडीतून चौकापर्यंत. त्यावर सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा. जावयांनी नांदेडच्या बाजूनं कुरकूर केली, ‘आमच्याकडंही आता क्लासेस कमी नाहीत.’ मी म्हटलं, मग तुम्ही त्याला पोहायला शिकवा. आता फोन कोकलला की सरपंच स्वतः पिंजऱ्यात जाऊन बसतात, कारण त्यांच्या हिशेबानं त्या आवाजानंतर टूना मिळतो.

तर ती बॅग. तिच्यात काय आहे ते एकदाचं ऐकून घ्या, म्हणजे गावभर भलतंच काही पसरायला नको. आठवडाभराचं खाणं, पाणी, दोन वाट्या. मातीचं पुडकं आणि उथळ डबा, कारण सरपंच उघड्यावर बसत नाहीत. लसीकरणाचं कार्ड, प्लॅस्टिकच्या पिशवीत. गळपट्टा आणि दोरी. आणि लेक सरपंचांना कडेवर घेऊन उभी आहे असा एक फोटो. मांजर हरवलं आणि दोघांनी ‘आमचं, आमचं’ म्हटलं तर हा पुरावा. अण्णा म्हणाले होते, ‘उद्या मांजराचा पासपोर्ट काढशील.’ तो निघालाय. सरपंचांच्या मानेजवळ कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवलेली आहे, तिला 15 आकडी नंबर आहे. कुठंही सापडले तरी डॉक्टरनं यंत्र फिरवलं की आमच्या नावापर्यंत पोचता येतं. दाराला एक कागद चिकटवलाय: आत एक मांजर आहे. आम्ही घरी नसताना काही झालं तर बंबवाल्यांना कळावं म्हणून. आणि त्या चिनी आजींकडं किल्ली दिलीय. त्यांच्या पोपटाची किल्ली आमच्याकडं. आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही, पण करार पक्का आहे.

ह्या गावात खरे बिनघोर प्राणी एकच, ते म्हणजे मोर. आर्केडियात रस्त्यावर मोर हिंडतात. दीडेकशे वर्षांमागं इथल्या एका बड्या जमीनदारानं आणले, तेव्हापासून ते लोकांच्या छपरांवर राहतात आणि पहाटे ओरडून सगळ्यांना उठवतात. त्यांना ना पिंजरा, ना चिप, ना दावं. धूर दिसला की उडायचं.

हे सगळं मांजराचे फाजील लाड वाटत असतील तर जरा मागचं सांगते. 2005 च्या ऑगस्टात इकडं न्यू ऑर्लिन्सला कॅटरिना वादळ आलं. शहर बुडालं, लोकांना बोटींतून, बसमधून काढलं, पण कुत्री-मांजरी बरोबर घेऊ देत नव्हते. बसमध्ये चढताना एका लहान पोराच्या हातातून त्याचा कुत्रा काढून घेतला. स्नोबॉल त्याचं नाव. पोरगं त्याचं नाव घेत ओकारी होईपर्यंत रडलं, ते सगळ्या देशानं वर्तमानपत्रात वाचलं. आणि पुष्कळ माणसं तर बसपर्यंत आलीच नाहीत. जनावर सोडून येत नाही म्हणाली आणि पाण्यात राहिली. मग सरकारच्या डोक्यात प्रकाश पडला, की कुत्र्याला जागा नाही म्हटलं की माणूस घर सोडत नाही. 2006 साली कायदा झाला: राज्याला आपत्तीसाठी केंद्राचा पैसा पाहिजे असेल तर घरातल्या पाळीव प्राण्यांना कसं काढणार, कुठं ठेवणार, हे आराखड्यात लिहा. म्हणून ह्या जानेवारीत पासाडेनाच्या प्राणी-आसऱ्यात पहिल्या काही दिवसांतच शेकड्यांनी कुत्री, मांजरी, ससे, कोंबड्या आल्या, आणि घोडे बरबँकच्या घोडेमैदानात नेले. लोक आपापल्या गाड्यांना घोड्यांचे डबे जोडून अनोळखी माणसांचे घोडे न्यायला धावले. पण एक गंमत आहे. ह्या कायद्याचा पाळीव प्राणी म्हणजे कुत्रं, मांजर, पक्षी, ससा. गाय-म्हैस त्यात बसत नाही. आणि आपल्याकडं उलटं: पुरात म्हैस गेली तर सरकारी मदतीच्या दरानं 37,500 रुपये, बैल गेला तर 32,000, वासराला 20,000, शेळीला 4,000, कोंबडीला 100, मांजराला भोपळा. सरपंचांनी जन्म अमेरिकेत घेतला तो विचारपूर्वकच घेतला असणार.

आता अण्णा, तुम्ही हसलात म्हणून एक विचारते. आपल्या जुन्या गोठ्याच्या दाराला, आत शिरताना उजव्या हाताला, तो विळा का टांगलेला होता?

मी लहान होते तरी मला सगळं आठवतं. 1993 चा गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. 30 सप्टेंबरची पहाट, तीन वाजून 56 मिनिटं. आपल्या गावात पडझडीवर भागलं; किल्लारी, सास्तूर आणि कितीतरी गावांत दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वरचं मातीचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तुम्ही आम्हाला अंगणात ओढून काढलं, मोजलं आणि परत वळलात. आई ओरडत होती, ‘कुठं चाललाव?’ तुम्ही गोठ्यात गेला होतात. अंधारात दावी सुटत नव्हती. जनावरांनी हिसके मारून मारून गाठी आवळल्या होत्या. तुम्ही दातानं सोडायला बघितलं. शेवटी घरात जाऊन विळा आणलात. ज्या घरात जायचं नाही म्हणून सगळे ओरडत होते, त्याच घरात. त्यानंतर आपण कितीतरी महिने शेतात पत्र्याखाली झोपलो, आणि नवा गोठा उभा राहिला तेव्हा सगळ्यात आधी दाराला खिळा ठोकला गेला आणि त्याला विळा. त्याला कुणी हात लावलेला तुम्हाला खपायचं नाही. मी एकदा त्यानं चिंचा पाडल्या तर पाठीत धपाटा खाल्ला होता.

तर अण्णा, मांजराची बॅग पहिल्यांदा आपल्याच गोठ्यात टांगली गेली होती. मी तिच्यात फक्त टूना घातला.

आता काळजीची गोष्ट सांगते. दादानं नवा गोठा बांधला, त्याचा व्हिडिओ पाठवला होता. फरशी झकास, पंखे झकास, गव्हाणीला टाईल्स. पण देवणी गाय आणि दोन्ही म्हशी लोखंडी साखळ्यांनी बांधलेल्या आहेत, आणि साखळीची कडी ओढून बसलेली. विळा लोखंड कापत नाही, दादा. विळाही दिसला नाही कुठं. त्या जागी एका खाद्याच्या कंपनीचं कॅलेंडर आहे.

तुम्ही म्हणाल, भूकंप काय रोज होतो? रोज होत नाही. गेल्या वर्षी 21 मार्चला आणि 10 जुलैला हिंगोलीकडं जमीन हलली, 4.5 चे धक्के, नांदेडपर्यंत भांडी वाजली. पण भूकंप राहू द्या, पाण्याचं बघा. ज्या लातूरला 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, त्याच लातूरच्या शिवारात ह्या सप्टेंबरात मांजरा आणि तेरणा नद्या पात्र सोडून शिरल्या. सोयाबीन उभं कुजलं. तुमचे जावई म्हणाले, ‘मांजरेला पूर आला, आता तरी तुझ्या माहेरचे मांजराला हसायचे थांबतील.’ त्यांचा विनोद मी लिहून ठेवते आहे, माझा नाही हे ध्यानात घ्या.

आणि माझ्या सासरचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. ऑगस्टात, 17 च्या रात्री, मुखेड तालुक्यात आभाळ फाटलं. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगोली, सगळीकडं लेंडी नदीचं पाणी. लष्कर बोलवावं लागलं. हसनाळला माणसं गेली. गोठ्यातली जनावरं सोडायला कित्येकांना वेळच मिळाला नाही, आणि पोळा चार दिवसांवर होता. बैलाची शिंगं रंगवायला आणलेला रंग पुड्यांतच राहिला असेल, असं मनात आलं की इथं मला घास गिळत नव्हता.

सासूबाईंचं गाव जरा उंचावर, म्हणून ते वाचले. पण पाणी वेशीपर्यंत आलं तेव्हा पोरं सांगायला आली, ‘आजी, शाळेत चला.’ सासूबाई म्हणाल्या, ‘म्हैस?’ पोरं म्हणाली, ‘म्हशीचं नंतर बघू.’ त्या म्हणाल्या, ‘मग माझंबी नंतर बघा.’ आणि ओसरीवर मांडी घालून बसल्या. पाणी पायरीला लागलं तरी हलेनात. शेवटी पोरांनी म्हैस आणि शेरडं पुढं घातली आणि मागून सासूबाई निघाल्या, हातात कडब्याची पेंढी. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी दारात आडवे झाले: वर्गात जनावर कसं घेऊ? सासूबाईंनी त्यांना एकच विचारलं, ‘तुमी दूध कुनाचं पिता?’ म्हैस चौथीच्या वर्गात गेली. तिथं भिंतीवर ‘पाळीव प्राणी’ असा तक्ता लावलेला, त्यात गाय, घोडा, कुत्रा आणि खाली कोपऱ्यात म्हैस. खरी म्हैस त्या तक्त्याखाली रात्रभर रवंथ करत उभी राहिली आणि पहाटेपर्यंत तिनं तक्त्याचा कोपरा, म्हणजे नेमकी स्वतःचीच तसबीर, खाऊन टाकली. गुरुजींनी नंतर त्याची भरपाई मागितली नाही. सकाळचा चहा त्याच म्हशीच्या दुधाचा होता.

कॅटरिनावाल्या अमेरिकेला जे कळायला शहर बुडावं लागलं आणि कायदा करावा लागला, ते माझ्या सासूबाई ओसरीवर मांडी घालून सांगत होत्या. बाईला पाण्यातून काढायचं असेल तर आधी म्हैस काढा. म्हणून जनावराची सोय आधीच ठरवून ठेवायची. पाणी आल्यावर ठरवायला बसलं की माणूसही अडकतो.

तेव्हा दादा, तुझ्यासाठी धाकट्या बहिणीचे हुकूम. धाकटी असले तरी इकडं भूकंपाच्या तालमीला बसलेली बाई आहे मी.

साखळ्या काढून टाक. काढायच्याच नसतील तर कडीच्या ठिकाणी दोरीचा एक तुकडा दे, म्हणजे कापता येईल. दाव्याला निरगाठ नको, सुरगाठ मार. एक टोक ओढलं की सुटली पाहिजे, अंधारात, ओल्या हातानं, एका हातानं. विळा परत खिळ्यावर टांग आणि कॅलेंडर घरात ने. जागा असेल तर जनावरं बांधूच नको; मुक्तसंचार गोठा कर, चारी बाजूंनी कुंपण, आत मोकळी. ज्याला दावं नाही त्याचं दावं कापायला कुणाला आत जावं लागत नाही, आणि दूधही वाढतं असं जाणते सांगतात. तुला भूकंपाचं पटणार नाही, दुधाचं पटेल, म्हणून सांगितलं.

कानातल्या बिल्ल्याचे बारा आकडे लिहून ठेव. प्रत्येक जनावराचा बिल्ल्यासकट फोटो काढ आणि मला पाठव. तुझा फोन पाण्यात गेला तरी माझ्याकडं राहील. आता बिल्ला नसेल तर नुकसानीची मदतही मिळत नाही, आणि पंचनाम्याला आलेल्या माणसाला ‘आमची लाल कंधारी लई गुणाची होती’ एवढं सांगून भागत नाही. घटसर्पाची आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी, शेळ्यांना आंत्रविषाराची. पुरानंतर जनावर पाण्यातून वाचतं आणि रोगानं जातं. 1962 नंबर भिंतीवर लिही, फिरता पशुवैद्यकीय दवाखाना येतो. आणि कडब्याची गंज सगळी खाली रचू नको, निदान काही पेंढ्या उंचावर ठेव.

सगळ्यात मोठं म्हणजे जागा ठरव. पाणी आलं तर जनावरं कुठं न्यायची? शेजारच्यांच्या माळावर न्यायची असतील तर आजच बोलून ठेव. बांधावरून तुमचं बोलणं बंद आहे, हे मला ठाऊक आहे. पण नदीला तुमचा बांध दिसत नाही. दुष्काळात छावणी कशी लावायची हे आपल्या लोकांना शिकवायची गरज नाही. खुंट्या, पाणी, चारा, कुणाचं जनावर कुठं, सगळं पाठ. तीच छावणी गावानं एखाद्या टेकाडावर पुरासाठी आखून ठेवली तर काय बिघडतं? अण्णा, तुम्ही माजी सरपंच आहात, आजी सरपंचांना सांगा. बोक्याला सांगून उपयोग नाही.

आणि आपला कुत्रा, वाघ्या. तो दिवसभर मोकळा असतो, पण रात्री दादा त्याला पत्र्याच्या खांबाला बांधतो, हे आईनंच मला सांगितलंय. माळेगावच्या जत्रेत खंडोबाच्या नावानं कुत्र्यापुढं ताट ठेवणारी माणसं तुम्ही, पावसाच्या रात्री त्याला बांधून कसे झोपता? पाणी येतंय हे सगळ्यात आधी त्यालाच कळणार आहे, आणि तोच बांधलेला.

आज तिकडं वसुबारस. हे पत्र तुमच्याकडं सकाळी पोचेल, म्हणजे पूजेला वेळ आहे. संध्याकाळी आई गाय-वासराला ओवाळील, पुरणाचा घास देईल. ह्या वर्षी सोयाबीन गेलं, दिवाळी हात आखडून करावी लागणार, पण ती पूजा तुम्ही चुकवणार नाही हे मला ठाऊक आहे. ओवाळून झालं की एवढं करा. गोठ्यातला दिवा घालवा. दादाला दाराशी उभा करा. आईच्या हातात मोबाइल द्या, भाचा घड्याळ लावून देईल; दादाची परीक्षा घ्यायला तिला नेहमीच आवडतं. आईनं ‘हां’ म्हटलं की दादानं आत जाऊन सगळी जनावरं सोडून, हाकलून अंगणात आणायची. अण्णांनी सूचना करायच्या नाहीत. मग किती वेळ लागला ते मला खरं खरं कळवा. दादानं वेळ कमी करून सांगितली तर आई मला फोन करीलच.

सरपंचांची वेळ मी कळवत नाही, दादा उगाच मनाला लावून घेईल.

मोठ्यांना नमस्कार, भाच्याला आशीर्वाद. वहिनीला सांगा, साखळ्या काढायला दादा टाळाटाळ करायला लागला तर तिनं माझ्या सासूबाईंसारखी मांडी घालून बसावं.

तुमची,
धाकटी

ता. क. येसर संपत आलाय. दिवाळीनंतर कुणी इकडं येणार असेल तर दोन डबे पाठवा: एक स्वयंपाकाला आणि एक बॅगेत ठेवायला. पळायची वेळ आली तर पुढचे दिवस टूनावर काढायची तयारी सरपंचांची असेल, आमची नाही.